गिल्मोरचा आवाज हवाय, पण गिटार मधमाश्यांसारखी घोंगावते: बिग मफ घेऊ की गिटारच बदलू?

प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकचा मुलगा आहे, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दोन वर्षं झाली गिटार वाजवतोय. स्ट्रॅटच्या (म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची स्वस्तातली गिटार, १० वॅटचा छोटा ॲम्प आणि एक मेटल डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी पायाने दाबायची पेटी, एवढं सामान आहे. त्याला पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'कम्फर्टेबली नम' गाण्यातल्या, डेव्हिड गिल्मोरने वाजवलेल्या दुसऱ्या सोलोचा आवाज हवाय आणि येतोय तो त्याच्याच शब्दांत 'डब्यात कोंडलेल्या मधमाश्या'. १५ हजार साठवलेत, बिग मफ (हेही आवाज फाटका, जाड करणारं पेडल) घेऊ की गिटारच बदलू असं विचारतोय.

तुला 'तू'च म्हणतो, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे. आधी उत्तर सांगून टाकतो, दोन्ही घेऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. आता का ते नीट सांगतो कारण हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतं. मी पुण्यात २२ वर्षं बँडमधे वाजवतोय आणि त्यातली शेवटची १२-१३ वर्षं लोकांच्या गिटारींचं सेटअप, वायरिंग, पेडलची दुरुस्ती हे काम करतोय. टेबलावर येणाऱ्या गिटारींमधे 'आवाज चांगला नाही, विकायचीय' म्हणून आलेली गिटार बऱ्याचदा चांगलीच निघते, तिच्याकडे फक्त कुणी बघितलेलं नसतं.

तुझी खरी अडचण पेडलची नाहीये रे. रेकॉर्डवर तू जे ऐकतोस तो नुसत्या गिटारचा आवाज नसतोच. तो बेस, ड्रम, ऑर्केस्ट्रा, माइक, खोली आणि वरून मिक्स करणाऱ्याचे कान या सगळ्यांच्या मधे बसवलेला आवाज असतो, आणि तू तोच आवाज एकट्या गिटारमधून, एवढ्याशा स्पीकरमधून, घरात कुणी झोपलंय म्हणून बारीक आवाजात काढायला बघतोयस. त्यामुळे जे सेटिंग तुला मोठं वाटतं ते खरं म्हणजे नेमकं उलटं असतं.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. फ्लॅटमधे राहतोस की बंगल्यात, हेडफोनवर वाजवतोस की ॲम्पवर, पुढे कॉलेजच्या बँडमधे वाजवायचंय की घरी रेकॉर्ड करून टाकायचंय, यावर पैसे कुठे घालायचे ते बदलेल. तू हे लिहिलेलं नाहीस, म्हणून मी असं धरून चालतो की फ्लॅट आहे, दार लावून वाजवतोस आणि वर्षभरात कुणाबरोबर तरी जॅमिंग करायची इच्छा आहे.

आता गिल्मोरचं बघू. तू लिहिलंयस की त्याच्या गिटारमधेच काहीतरी जादू आहे. ती काळी स्ट्रॅट त्याने १९७० मधे न्यू यॉर्कमधल्या मॅनीज नावाच्या दुकानातून घेतली आणि २०१९ च्या लिलावात ती जवळपास ४० लाख डॉलरला गेली, त्यामुळे लोकांना असं वाटणं साहजिक आहे. पण तिच्यात मधल्या काळात इतके बदल झालेत की विचारू नकोस, नेक कितीतरी वेळा बदलली, ब्रिजकडचं पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबक) बदललं, ट्रेमोलोचा दांडा कापून आखूड केला. बरं, तू कुठला सोलो ऐकतोयस? आल्बममधला, म्हणजे १९७९ च्या 'द वॉल'मधला असेल तर तिथे ती काळी गिटार आहे. १९९४ चा लंडनच्या अर्ल्स कोर्टचा लाइव्ह असेल (बहुतेक तोच असणार, तुझ्या वयाची सगळी पोरं तिथूनच सुरू करतात) तर तिथे लाल स्ट्रॅट आहे आणि तिच्यात ईएमजीची बॅटरीवर चालणारी ॲक्टिव्ह पिकअप्स आहेत, एकदम वेगळ्या जातीची. दोन्हीकडे डोळे मिटून ऐकलं तरी हा गिल्मोर आहे हे दोन सेकंदात कळतं. अजून एक, त्याच आल्बममधल्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला सोलो बरेच जण स्ट्रॅटचा समजतात, तो आहे १९५५ च्या सोनेरी लेस पॉलवर, म्हणजे गिब्सनच्या गिटारवर, पी-९० जातीच्या पिकअप्सवर, आणि वाजवताना गिटार ॲम्पला न लावता सरळ मिक्सिंग डेस्कला लावलेली. म्हणजे एकाच माणसाचा, एकाच आल्बमवरचा, तुला आवडणारा आवाज दोन अगदी वेगळ्या गिटारींवर आलाय.

मग त्याच्याकडे काय होतं जे तुझ्याकडे नाही? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक ॲम्पचा. हायवॅट डीआर१०३, १०० वॅटचा ट्यूब ॲम्प (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा), आणि तो मोठ्या आवाजातसुद्धा स्वच्छ राहतो, फाटत नाही. त्याच्याखाली बारा-बारा इंची चार स्पीकरच्या डब्ल्यूईएम कॅबिनेट, आणि जोडीला यामाहाचे फिरणारे स्पीकर, ज्यामुळे त्या आवाजात ती हलकीशी लाट आल्यासारखी वाटते. पेडल बिग मफच होतं हे खरंय. पण बिग मफची रचनाच अशी आहे की त्याच्या टोनच्या सर्किटमुळे मधल्या फ्रीक्वेन्सी, म्हणजे मिड, साधारण १००० हर्ट्झच्या आसपासच्या, बऱ्याच खाली जातात. खालचं आणि वरचं राहतं, मधे खड्डा. हायवॅटसारखा मिड भरभरून असलेला आणि मोठ्याने चाललेला ॲम्प तो खड्डा भरून काढतो. तुझ्या १० वॅटच्या ॲम्पला तेच पेडल लावलं तर खड्डा तसाच राहणार, वर छोटा स्पीकर, आणि मधमाश्या आहेत त्यापेक्षा वाढणार. म्हणून बिग मफ नको म्हणालो. पेडल वाईट नाहीये, मला स्वतःला अतिशय आवडतं, पण त्याला पुढे तसा ॲम्प लागतो.

आता त्या मधमाश्यांकडे येऊ, इथे जरा वेळ घेतो कारण सगळं इथेच आहे.

माझी पैज आहे की तुझ्या पेडलवर गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती ते ठरवणारा नॉब, घड्याळाच्या काट्यासारखा बघितला तर तीन वाजताच्या पुढे आहे, बेस आणि ट्रेबल वर आहे आणि मिड जवळपास बंद. बरोबर ना? मी पण हेच करायचो. १९९९ मधे कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा पहिला कार्यक्रम होता, मी आठवडाभर घरी बसून सेटिंग लावलं होतं, खोलीत ते इतकं भारी वाटायचं की मी प्रत्येक नॉबसमोर स्केचपेनने खुणा करून ठेवल्या होत्या. स्टेजवर पहिलं गाणं सुरू झालं आणि माझी गिटार गायबच झाली. आवाज वाढवला तर नुसती चरचर वाढली. एका मित्राने मागच्या रांगेतून कॅसेटवर रेकॉर्ड केलं होतं, घरी येऊन ऐकलं तर त्यात ड्रम होता, बेस होता, गायक होता, आणि मी जिथे वाजवत होतो तिथे पाऊस पडत असल्यासारखा आवाज होता. ती कॅसेट मी पुढे कितीतरी वेळा ऐकली, मला खूप लागलं होतं ते.

असं का होतं बघ. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ ला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. खालची जागा बेस आणि किकड्रमची, वरची जागा झांजांची, म्हणजे सिंबल्सची. गिटारला मिळते ती मधली जागा, आणि तू मिड बंद केलेस की तुझी स्वतःची जागा सोडून दिलीस आणि दुसऱ्यांच्या घरात जाऊन बसलास. मग घरी का छान वाटतं? कारण बारीक आवाजात आपल्या कानाला खालचं आणि वरचं कमी ऐकू येतं, मधलं जास्त. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मधेच हे मोजून दाखवलंय. त्यामुळे खोलीत आपण नकळत बेस-ट्रेबल वाढवतो आणि मिड कापतो, आणि आवाज मोठा केला की तेच सेटिंग पोकळ आणि टोचणारं होतं.

गेनचंही तसंच. जास्त गेन म्हणजे जास्त ताकद असं वाटतं पण गेन वाढला की तार छेडल्यावरचा तो पहिला ठोका दबतो, जोरात मारलं काय आणि हळू मारलं काय सारखंच वाजतं, आणि सूर विझला तरी पेडल खरखर वर ओढत राहतं. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' लाव, १९८० चा. नुसती रिदम गिटार ऐक, माल्कम यंगची. सगळे त्याला दणदणीत हेवी म्हणतात, पण नीट ऐकशील तर त्यात डिस्टॉर्शन तुझ्या पेडलच्या पावपट पण नाहीये. कॉर्डमधली एकेक तार वेगळी ऐकू येते. जाड तारा, कणखर हात आणि कमी गेन. मी तर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला महिना हाच आल्बम लावायला सांगतो, माझ्या मते गिटारच्या आवाजासाठी यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

तर आज संध्याकाळी एवढं कर. पेडल बंद. ॲम्प क्लीनवर, बेस आणि ट्रेबल निम्म्यावर, मिड निम्म्याच्या थोडा पुढे. ॲम्प जमिनीवरून उचल आणि खुर्चीवर ठेव, हे फार महत्त्वाचं आहे. जमिनीवरचा स्पीकर तुझ्या पोटऱ्यांना वाजून दाखवत असतो, कानापर्यंत ट्रेबल पोचतच नाही म्हणून तू तो वाढवतोस, आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानात सुया जातात. कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला असशील तर हातभर पुढे ओढ, फुगलेला बेस आपोआप उतरेल. मग पेडल चालू कर, गेन नऊ वाजता, लेव्हल वर, मिड बारा वाजता किंवा पुढे. पहिली पाच मिनिटं तुला हे कोरडं, बारकं आणि नागडं वाटेल, बदलू नकोस. मोबाइलवर त्या गाण्याचा बॅकिंग ट्रॅक (गिटार सोडून बाकीचं संगीत) लाव आणि त्याच्याबरोबर वाजव. तिथे कळेल.

अजून एक, तू लिहिलंयस की रात्री पेडल सरळ कॉम्प्युटरला लावून हेडफोनवर वाजवतोस आणि तिथे अजूनच वाईट वाटतं. तिथे वाटणारच. गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही, तो एक प्रकारे गाळणीचं काम करतो, आणि हेडफोन सगळं सोडतो, म्हणजे पेडलमधली सगळी चरचर जशीच्या तशी कानात. त्याला कॅब सिम्युलेटर (गिटारच्या स्पीकरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लागतो, कॉम्प्युटरवर फुकट मिळतात. नुसता तो लावलास तरी अर्ध्या मधमाश्या उडून जातील.

आतापर्यंतचं तीन गोष्टींत: गेन खाली, मिड वर, ॲम्प खुर्चीवर. यात एक रुपया खर्च झालेला नाही.

छोटा ॲम्प म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. लेड झेपलिनचा पहिला आल्बम, १९६९ चा, आवाज केवढा मोठा आहे बघ, लोक लेस पॉल आणि मार्शल ॲम्पची भिंत डोळ्यासमोर आणतात. प्रत्यक्षात त्यांच्या गिटारिस्टकडे, जिमी पेजकडे, त्या आल्बमला मुख्यतः टेलिकॅस्टर (फेंडरचीच एक गिटार) होती आणि सुप्रोचा छोटा ॲम्प. १९७० च्या 'लैला' आल्बमवर एरिक क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन हे गिटारिस्ट फेंडर चॅम्पसारखे चिमुकले ॲम्प वापरत होते, जेमतेम ५ वॅटचे. फरक एवढाच की ते ट्यूबचे होते, पूर्ण मोकळे सोडलेले होते आणि समोर चांगला माइक होता. मोठेपणा मायक्रोफोनच्या पुढच्या प्रक्रियेत येतो, खोलीत उभं राहिलं तर तो ॲम्प लहानच वाटला असता.

गिटार बदलू नकोस म्हणालो पण तिची सेवा कर. तारा शेवटच्या कधी बदलल्यास? दोन वर्षांपूर्वीच्या, दुकानातून आलेल्या त्याच असतील तर त्या आता तारा नाहीत, गंजलेली वायर आहे. पावसाळ्यात तर आपल्याकडे महिन्याभरात काळ्या पडतात, मुंबई-कोकणात त्याआधीच. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसत जा. १० नंबरचा सेट घे (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत), गिल्मोर स्ट्रॅटवर १० ते ४८ असा सेट वापरतो. मग कुणा अनुभवी माणसाकडून सेटअप करून घे, नाशिकमधे नक्की कुणीतरी असेल. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची २ मिलीमीटरच्या आसपास, नेकचा बाक, ब्रिजवर प्रत्येक तारेचं इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं), आणि पिकअपची उंची. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात. परवाच एक गिटार आली होती, हुबेहूब तुझ्यासारखी, मालकाला पिकअप्स बदलायची होती. मी बघितलं तर तिन्ही पिकअप्स तारांना जवळजवळ टेकलेली, चुंबक तार ओढून धरत होतं त्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर थरथरायचा आणि एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखे वाटायचे. स्क्रूड्रायव्हरने जाड तारेकडून दीड-दोन मिलीमीटर खाली घेतली, बारीक तारेकडून थोडी कमी, आणि त्या मुलाच्या हातात दिली. त्याने एक लांब बेंड (तार बोटाने ओढून सूर वर नेणं) घेतला, सूर तसाच लांबत गेला, आणि तो काही न बोलता पंधरा मिनिटं वाजवतच बसला.

नटच्या, म्हणजे गिटारच्या डोक्याकडच्या पट्टीच्या, खाचांमधे पेन्सिलची पूड भर, ग्राफाइटने तारा अडकत नाहीत, ट्युनिंग टिकतं.

आणि प्लगकडे बघ. तुझ्या स्ट्रॅटसारख्या गिटारवरची सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याची) पिकअप्स थोडं गुणगुणणारच, तू खोलीत वळलास की ती गुणगुण कमीजास्त होईल, ते नॉर्मल आहे. पण ॲम्प दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावला असशील तर लगेच काढ, अर्थिंगवाल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच लाव. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबव आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलव, याबाबतीत अजिबात चालढकल करू नकोस.

आता हातांबद्दल. त्या दुसऱ्या सोलोची सगळी भाषा बी मायनर पेंटाटॉनिकची (पाच सुरांच्या स्केलची) आहे, त्यात अवघड बोटं फारशी नाहीत, अवघड आहे ते सुरात बेंड करणं. एक व्यायाम देतो. दुसऱ्या तारेवर सातवा फ्रेट वाजव, तो एफ शार्प. नीट ऐक, गुणगुणून बघ. आता तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट धर, तो ई, आणि तो बेंड करून बरोबर त्या एफ शार्पवर नेऊन ठेव. एकट्या तिसऱ्या बोटाने नको, मागे पहिलं आणि दुसरं बोट आधाराला, आणि जोर बोटातून नाही तर मनगटातून, दाराची मूठ फिरवल्यासारखा. वर पोचल्यावर थांब. मगच हलव. बहुतेक जण पोचायच्या आधीच थरथरायला लागतात आणि सूर कायम पाव इंच खाली राहतो, मग आवाज 'गिल्मोरसारखा नाही' म्हणून पेडल बदलतात. आपल्याकडे मींड शिकवताना गुरुजी आधी पोचायचा सूर पक्का गाऊन घेतात ना, अगदी तेच. रोज दहा मिनिटं, क्लीन आवाजावर, ट्युनर समोर ठेवून.

आणि तो सोलो एका दमात वाजवलेला नाही हेही माहीत असू दे. गिल्मोरने पाच-सहा वेळा वेगवेगळा सोलो रेकॉर्ड केला, मग प्रत्येकातला चांगला भाग निवडून फेडर (मिक्सरवरचे आवाज कमीजास्त करायचे सरकते दांडे) वरखाली करत एक सलग सोलो तयार केला. त्यामुळे पहिल्या झटक्यात तुझा तसा येत नाही म्हणून निराश होऊ नकोस, त्याचाही तसा आला नव्हता.

पैशांचं म्हणशील तर माझ्या हिशोबाने तारा आणि सेटअप मिळून दोन-अडीच हजार. उरलेले लगेच खर्च करू नकोस, महिनाभर वरचं सगळं कर. त्यानंतरही कमी वाटलं तर सेकंडहँड ॲम्प बघ, ८ इंची किंवा त्याहून मोठा स्पीकर असलेला, आणि घेण्याआधी स्वतःची गिटार घेऊन जाऊन वाजवून बघ. त्यानंतर एखादं मिड वाढवणारं ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल), मग डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल), ४०० मिलिसेकंदांच्या आसपास, मिक्समधे अगदी मागे. बिग मफ त्याच्याही नंतर, आणि तेव्हा ओव्हरड्राइव्ह त्याच्या पुढे, म्हणजे मफ आणि ॲम्पच्या मधे, चालू ठेवून मधला खड्डा भर.

बँडमधे वाजवायची संधी मिळाली तर मात्र क्रम बदलेल, तेव्हा ॲम्प आधी. नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याहून रेल्वेने मुंबईला धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला जायचो, उघड्यावर, दिवसभर एकामागून एक बँड. सामान सगळ्यांचं जवळपास सारखंच असायचं, तेच स्टेज, तेच साउंडवाले. तरी एखाद्या बँडचा गिटारिस्ट शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ पोचायचा आणि पुढचा नुसता धूर व्हायचा. तेव्हा मला कारण कळायचं नाही. पुढे स्वतः वाजवायला लागल्यावर, ती कॅसेट ऐकल्यावर कळलं.

तू एक काम कर, सेटिंग बदलल्यावर मोबाइल ॲम्पपासून तीनेक फूट लांब, स्पीकरच्या उंचीवर ठेवून बॅकिंग ट्रॅकबरोबर एक मिनिट रेकॉर्ड कर, आणि ॲम्प-पेडलच्या नॉबचा फोटो काढून दोन्ही इथे टाक. तारांची उंची पण बाराव्या फ्रेटवर पट्टी लावून मोजून सांग. मग ॲम्पचं बघू.